गोरज आणि रंग

तापीला पुराणांनी सूर्याची कन्या म्हटले आहे. मुलताईला उगम पावलेली ही नदी पश्चिमेची वाट धरते. पिता रोज जिकडे मावळतो, तिकडेच कन्या जाते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारचा मुलूख तिच्याच खोऱ्यातला. १९५६ पर्यंत हा निमाड आणि शेजारचे वऱ्हाड एकाच प्रांतात नांदत होते. सीमा मागाहून आली. आकाशाला ती अजून कळलेली नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस सातपुड्याच्या रांगांवर येथे जी संध्याकाळ उतरते, ती पाहून एखाद्या चित्रकाराने रंगपेटी उघडली तर नवल नाही. चित्र कसे काढावे हे त्याचे त्याला ठाऊक. आम्हांला पडलेला प्रश्न निराळा आहे. त्या आकाशाखाली जो माणूस वावरतो, त्याचे हा चित्रकार काही देणे लागतो काय?

दृक्प्रत्ययवादी चित्रकाराला हा प्रश्न विशेष टोचावा. कारण, जे ठाऊक आहे ते रंगवू नका, जे दिसते तेवढेच रंगवा, अशी त्याची प्रतिज्ञा असते. झाड त्याला झाड नसते, जांभळ्या छटेचा एक डाग असतो. आणि त्या डागाशेजारी वाकून उभा असलेला मजूर हाही एक डागच. १८७४ साली पॅरिसमध्ये या मंडळींचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा क्लोद मोनेच्या एका बंदरातील सूर्योदयाच्या चित्रावरूनच त्यांना थट्टेचे नाव मिळाले. ती दृष्टी पुढे आपल्याकडेही आली. इंदूरला १९२७ मध्ये द. दा. देवळालीकरांनी चित्रशाळा काढली, ना. श्री. बेंद्रे तेथलेच विद्यार्थी. माळव्याच्या उन्हाकडे ऊन म्हणून पाहण्याची सवय त्या शाळेने अनेकांना लावली.

मोनेच्याच आयुष्यात हा प्रश्न एकदा फार निष्ठुरपणे उभा राहिला. सप्टेंबर १८७९ मध्ये व्हेतॉय या गावी त्याची पत्नी कामीय वारली. तिच्या मृतदेहाजवळ बसले असता आपली नजर तिच्या चेहऱ्यावर पसरणाऱ्या निळ्या, पिवळ्या, करड्या छटा नकळत मोजू लागली, हे त्याने पुढे वृद्धपणी आपला मित्र क्लेमांसो याला सांगितले. त्या छटांचे चित्रही त्याने काढले. पाठोपाठ आलेल्या हिवाळ्यात सीन नदी गोठली, मग बर्फ फुटले. आणि १८८० मध्ये त्याने पलीकडच्या तीरावरील लाव्हाकूरचा सूर्यास्त रंगविला. ते चित्र आज पॅरिसच्या पेती पाले संग्रहालयात आहे. नारिंगी आकाश, पाण्यात थरथरणारे त्याचे प्रतिबिंब, धूसर काठ. घरातल्या दुःखाची त्यात एक रेघही नाही.

ही निर्दयता म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. निर्दय माणूस पाहतच नाही. मोने पाहत होता, आणि आपल्या पाहण्याचेच त्याला भय वाटले. तथापि येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रोगी अजून श्वास घेत असेल, तर छटा मोजणारी नजर क्षम्य नाही. तेथे हात पुढे झाला पाहिजे, आणि कला हा त्यावरचा तोडगा नव्हे.

मावळत्या आकाशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याचे किरण हवेच्या कितीतरी जाड थरातून येतात. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो, तांबडा पोचतो. धूळ आणि धूर यांनी त्या तांबडेपणाला गढूळ, जांभुळका, कधी ताम्रवर्णी पोत येतो. खकनारच्या संध्याकाळचा रंग असा घडलेला असतो: नांगरटीची माती, गाडीवाटेचा फुफाटा, जाळलेल्या धसकटांचा धूर, घरोघरच्या चुली. म्हणजे चित्रकाराने ज्या माणसाला चित्रातून वगळले, त्याचे कष्ट आकाशात आधीच जाऊन बसलेले असतात. ती गढूळ छटा जशीच्या तशी उतरविणारा चित्रकार आमच्या मते आपले देणे पुष्कळसे फेडतो. ते पुसून स्वच्छ सोनेरी आकाश काढणारा, दिनदर्शिकेवरच्या चित्रांत तो नेहमी भेटतो, त्याला मात्र आम्ही माफ करणार नाही. तो सौंदर्यासाठी खोटे बोलला असे त्याचे म्हणणे असते. पण त्याने सौंदर्याचे कारणच झाकून टाकलेले असते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात टर्नर आणि मोने यांची सुमारे शंभर चित्रे तपासली गेली. त्यांतील वाढता धूसरपणा त्या काळच्या कोळशाच्या धुराच्या वाढीशी जुळतो असे दिसून आले. मोने लंडनच्या धुक्यावर लुब्ध होता. कारखान्यांविरुद्ध साक्ष द्यावी असा त्याचा हेतू नव्हता. केवळ प्रामाणिक डोळ्यामुळे ती साक्ष नोंदली गेली.

आणि हे डोळे चित्रकाराचीच मिरास आहेत असे तरी का मानावे? मराठीत या वेळेला गोरज म्हणतात. घरी परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडवलेली धूळ, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आणि त्या मुहूर्तावर आपण लग्ने लावतो. कोकणीतली तिनसांज किंवा आपली कातरवेळ यांत ती वेळ दिसते. गोरजात तिचे द्रव्य दिसते. हा शब्द घडवणारा माणूस गुरांच्या मागून चालत असावा असे आम्हांस वाटते. धुळीतला तो सोन्यासारखा रंग त्याने पाहिला, नाही असे नाही. पण अंधार पडण्याआधी त्याच रंगात त्याला मागे राहिलेले वासरूही शोधायचे असते.