हागारला परत पाठवताना



उत्पत्तीच्या पुस्तकात हागार नावाची दासी आहे. मिसर देशाची, आब्राहामाच्या तंबूत परकी. मालकिणीचा छळ सोसवेना म्हणून गरोदरपणी ती रानात पळून जाते. झऱ्याजवळ देवदूत तिची विचारपूस करतो आणि तिला परत जायला सांगतो. हा सोळावा अध्याय आम्हा धर्मगुरूंना फार सोयीचा वाटत आला आहे. धर्मगुरुनिवासात रडत आलेल्या भगिनीला आम्हीही तेच सांगतो, 'बाय, जरा सांभाळून घे. लेकरांकडे बघ. हा आपला क्रूस समज.' मग तिच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतो, ती घरी जाते आणि आम्ही जेवायला बसतो.

हागारची कथा तेथे संपत नाही, पण आम्ही पान उलटायचे विसरतो.

रोझी बॅटी ही स्त्री मूळची इंग्लंडची. सहा वर्षांची असताना तिची आई वारली. तरुणपणी ती ऑस्ट्रेलियात गेली व मेलबर्न परिसरात स्थायिक झाली. रक्ताचे माणूस जवळ नाही. ज्या पुरुषापासून तिला ल्यूक हा मुलगा झाला, त्याने तिला मारहाण केली, धमक्या दिल्या. ती वेगळी राहू लागली तरी छळ थांबला नाही. ती गप्प बसली होती असे नाही. पोलिसांकडे गेली, न्यायालयातून संरक्षणाचे आदेश मिळवले. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी टायब गावच्या मैदानावर क्रिकेटचा सराव आटोपल्यावर बापानेच अकरा वर्षांच्या ल्यूकचा जीव घेतला. त्या माणसावर निघालेली वॉरंटे तोपर्यंत बजावली गेली नव्हती. पोलिसांच्या गोळीने तोही मेला.

दुसऱ्या दिवशी ही आई घराबाहेर जमलेल्या पत्रकारांसमोर आली. घर कितीही चांगले असो, माणसे कितीही हुशार असोत, हे कोणाच्याही घरी घडू शकते, असे तिने सांगितले. सेमिनरीत दुःखाच्या प्रश्नावर आम्ही वह्याच्या वह्या भरल्या आहेत. त्या सकाळी तिच्यापुढे वाचून दाखवावे असे त्यांत एकही पान नाही.

त्याच वर्षी तिने ल्यूकच्या नावाने संस्था काढली. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना व मुलांना आधार मिळावा, आपण एकट्या नाही हे त्यांना कळावे, यासाठी ती गावोगाव बोलत फिरली. २०१५ साली तिला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला. व्हिक्टोरिया राज्याने नेमलेल्या आयोगाने २०१६ साली २२७ शिफारशी केल्या आणि सरकारने त्या सर्व स्वीकारल्या. २०१८ साली मात्र तिने संस्था बंद केली. ती थकली होती. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. संतचरित्रे सांगताना आम्ही थकवा गाळून टाकतो, मग थकलेल्या बाईला वाटते की आपलाच विश्वास कमी पडला.

आता एकविसाव्या अध्यायाकडे येऊ. आब्राहामाने थोडी भाकर व पाण्याची मसक देऊन घालवून दिलेली हागार वाळवंटात आहे. पाणी संपले आहे. मुलाचे मरण बघवणार नाही म्हणून त्याला झुडपाखाली ठेवून ती दूर जाऊन बसली आहे. देव मुलाचा आवाज ऐकतो. या वेळी तो तिला परत जा असे म्हणत नाही. तो तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. इश्माएल वाचला, ल्यूक वाचला नाही. आपल्या लेकराला न मिळालेले पाणी या आईने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी शोधले.

'पण फादर, विवाह हा संस्कार आहे ना?' होय, आहे. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ११५३ वे कलम वाचून पाहा. जोडीदारापासून स्वतःच्या अथवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे होण्यास ते योग्य कारण मानले आहे. त्यासाठी बिशपांचा निर्णय घ्यावा लागतो, पण उशीर धोक्याचा असेल तर ती व्यक्ती स्वतःहूनही निघू शकते. २०१६ साली 'आमोरिस लेटिशिया' या पत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर अशा वेळी वेगळे होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे शिकवले. हे आम्ही वेदीवरून किती वेळा सांगितले? आठवत नाही.

देशाचा २००५ चा कायदाही आहे. त्यानुसार पत्नीला सासरच्या घरातून मनमानीने हुसकावता येत नाही आणि तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी असतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

वाडीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. रात्रीचा आवाज शेजाऱ्याला ऐकू येतो, आणि सकाळी मिस्सेला शांतीचे चिन्ह देताना दोघेही एकमेकांकडे पाहून हसतात. त्या शेजाऱ्यांनी या आठवड्यात आम्हाला येऊन भेटावे. आणि ज्या भगिनीला हे पान घरी न्यायचीही भीती वाटते, तिने ते बाकावरच ठेवून जावे. धर्मगुरुनिवासाची घंटा रात्रीही वाजते. कार्यालयाच्या वेळेची वाट पाहू नये. या वेळी आम्ही परत जा असे म्हणणार नाही.