नवी गाडी, जुनी गाडी आणि विकणाऱ्याचा शब्द

'जुने ते सोने' असे आपली भाषा एका श्वासात सांगते आणि दुसऱ्या श्वासात 'नव्याचे नऊ दिवस' असा इशाराही देते. दोन्ही म्हणींचा कल जुन्याकडे आहे. तरीसुद्धा ज्याला मालवाहू पिकअप घ्यावयाची आहे त्याची पावले शोरूमच्या काचेपाशी घोटाळतात, आणि त्याला केवळ हौसेचा दोष देणे अन्यायाचे ठरेल. जुन्या सोन्याचा कस लावता येतो. जुन्या गाडीचा कस लावणे तितकेसे सोपे नाही. नवी घ्यावी की जुनी, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. तो थोडा खोलवर नेला की विश्वासाचा होतो, आणि म्हणूनच त्याचा विचार येथे करावा असे आम्हांला वाटते.

आपल्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाहन ही चैनीची वस्तू नाही. पहाटे भाजी, फुले, केळी मुंबईच्या बाजारात पोहोचली नाहीत, तर त्यांचा भाव दुपारपर्यंत निम्म्यावर येतो. किनाऱ्यावरच्या मासळीची तर घटकेघटकेने किंमत उतरते. एके काळी डोक्यावरची टोपली आणि लोकलचा डबा यांवर हा व्यवहार चाले. पुढे टेम्पो आले. १९५८ साली जर्मन सहकार्याने स्थापन झालेल्या 'बजाज टेम्पो' या कंपनीच्या नावातील अर्धा भाग मराठीत सामान्यनाम होऊन बसला, इतके ते वाहन आपल्या जीवनात मिसळले. २००५ साली आलेल्या 'टाटा एस' या चारचाकीला लोकांनी लगोलग 'छोटा हत्ती' म्हटले. ज्याच्या दारात स्वतःचे वाहन, त्याचा माल वेळेवर बाजारात. बाकीच्यांनी भाडे मोजावे आणि वाट पाहावी.

अशाच भाड्याला कंटाळलेला एखादा तरुण बागायतदार आमच्याकडे येतो आणि विचारतो, "फादर, नवी घेऊ की सेकंड हॅण्ड?" त्याच्याजवळ दोन लाख रुपये आहेत असे समजू. नवी पिकअप दहा लाखांना पडते, पाच वर्षे वापरलेली पाच लाखांना मिळते, असेही धरू. नवीसाठी आठ लाखांचे कर्ज काढावे लागेल. दर साल ११ टक्के व्याजाने पाच वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,४०० रुपये होतो आणि एकूण व्याज दोन लाख चव्वेचाळीस हजारांच्या घरात जाते. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज बहुधा अधिक आणि मुदत कमी असते. तीन लाख रुपये १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,४०० रुपये आणि व्याज चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास येते. महिन्याकाठी सात हजारांचा फरक आणि दोन वर्षे आधी सुटका! भर पावसाळ्यात वाडीचे उत्पन्न रोडावते. हप्ता मात्र ऋतू पाहत नाही.

मग जुनीच घ्यावी, असे का म्हणू नये? कारण या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला आहे. नव्या गाडीबरोबर कंपनीची हमी येते. मालवाहू वाहनाला फिटनेसचे प्रमाणपत्र सुरुवातीला दोन वर्षांचे असते, पुढे आठव्या वर्षापर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी नवे करून घ्यावे लागते. म्हणजे वय वाढले की कायदाही त्या वाहनाकडे अधिक साशंक नजरेने पाहतो. नवी गाडी घेणारा आपले भविष्य गहाण ठेवतो. जुनी घेणारा दुसऱ्याचा भूतकाळ विकत घेतो. भविष्याची किंमत बँक कागदावर मांडून देते. भूतकाळाची किंमत विकणाऱ्याच्या तोंडून कळावी लागते.

चांगला मिस्त्री बरेच काही ओळखतो. टायरची एकच कड झिजली आहे का, पाट्यांतले एखादे पान नवे आहे का, धूर निळसर येतो का, दारावर टकटक केल्यावर पत्र्याचा आवाज येतो की पुट्टीचा, हे त्याला समजते. पण मीटर मागे फिरवले आहे का, चार वर्षे रोज दीडपट माल भरला होता का, अपघातात वाकलेली चेसिस सरळ करून घेतली आहे का, हे त्याच्याही नजरेतून निसटू शकते. मासळी वाहून नेणाऱ्या गाडीचे उदाहरण घ्या. बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षे खाली झिरपते आणि लोखंडाला आतून खाते. विकण्यापूर्वी खालून काळा रंग मारला की गाडी तुकतुकीत दिसू लागते. त्या रंगाखाली काय आहे, हे एकाच माणसाला ठाऊक असते. तो माणूस काय बोलतो, यावर दुसऱ्याचा संसार अवलंबून राहतो.

"त्याने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही," हे उत्तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ते फार जुने आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यावरील आपल्या ग्रंथात नेमका हाच वाद मांडला. घर विकणाऱ्याला ठाऊक आहे की घराचे लाकूड कुजले आहे आणि खोल्यांतून साप निघतात. त्याने ते सांगावे की नाही? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, मी कोणाला बळजबरीने घ्यावयास लावत नाही आणि खोटेही बोलत नाही. अँटिपेटर उलट म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर दोष, तर जाणूनबुजून दुसऱ्याला चुकू देणे हा त्याहून मोठा दोष. सिसेरो कौल देतो तो अँटिपेटरच्या बाजूने. जे ग्राहकाच्या हिताचे आहे ते आपल्या लाभासाठी त्याच्यापासून दूर ठेवणे, हे त्याच्या मते नुसते मौन नसते. ते लपवणे असते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विषय घोड्याच्या उदाहरणाने अधिक बारकाईने उलगडला. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते समोर दिसते. विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली, की ओरडून सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून विकला किंवा मोडकळीस आलेले घर भक्कम म्हणून विकले, तर तो व्यवहार फसवणुकीचा ठरतो आणि विकणाऱ्यावर नुकसानभरपाईचे बंधन येते. न दिसणाऱ्या ज्या दोषातून घेणाऱ्याला तोटा किंवा धोका संभवतो, तो न विचारताही सांगितलाच पाहिजे, हे त्यांच्या विवेचनाचे सार. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर दारावरचा पोचा हा आंधळा डोळा आणि ढिला ब्रेक हा लंगडा पाय. पोच्याबद्दल गप्प राहिलात तर चालेल. ब्रेकबद्दल गप्प राहण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एका गाडीच्या खोट्या सौद्याने नुकसान होते ते एकाच ग्राहकाचे, असे कोणी मानू नये. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक छोटासा निबंध लिहिला. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना २००१ साली आणखी दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे की, चांगली गाडी आणि खराब गाडी यांतला फरक ग्राहकाला कळत नसेल, तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकण्यास तयार होत नाही आणि बाजारातून अंग काढून घेतो. उरलेल्या मालाचा दर्जा घसरतो, म्हणून भावही घसरतो. मग त्यातले बरे तेही निघून जाते. खोटे बोलणारा अशा रीतीने खरे बोलणाऱ्याचेही दुकान बंद करतो. त्याच निबंधात अ‍ॅकरलॉफ यांनी भारतातील सावकाराच्या चढ्या व्याजाचा विचार केला आहे, हे आपण लक्षात घेण्यासारखे आहे. जेथे माणूस माणसाला ओळखत नाही, तेथे पैसा महाग होतो. जुन्या गाड्यांवरचा विश्वास उडाला की सालस, गरीब तरुणाला शोरूमच्या दाराशी, म्हणजे पर्यायाने कर्जाच्या दाराशी, उभे राहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. जुने वाहन पायऱ्या उतरत जाते. आपल्या गावात सहा वर्षे चाललेली पिकअप वाड्याला किंवा विक्रमगडला जाते. तेथून कदाचित जव्हार-मोखाड्याच्या घाटांत. प्रत्येक पायरीवर घेणारा आधीच्याहून गरीब असतो आणि गाडीचा दोष आधीच्याहून मोठा झालेला असतो. मालाच्या गाडीतून माणसे नेण्यास कायद्याने मनाई असली, तरी वीटभट्टीवर निघालेली कुटुंबे अशाच गाड्यांतून प्रवास करताना आपण पाहतो. सौद्यात ज्याचे नाव नाही, तोच हौद्यात बसलेला असतो. वसईत न सांगितलेला ब्रेकचा दोष घाटातल्या वळणावर कोणाच्या वाट्याला येईल, याचा विचार सही करताना कोण करतो?

कायद्याने निदान कागदाची जबाबदारी आखून दिली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात वाहन विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावयाचे असते. पुष्कळ लोक कोऱ्या अर्जांवर सह्या करून ते दलालाच्या हाती सोपवतात आणि विसरून जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले की, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक समजला जाईल, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. आम्हांला या निकालात नीतीचाही एक धडा दिसतो. पैसे मोजून घेतल्याने आपला संबंध संपत नाही.

घेणाराही यातून सुटत नाही. माल हलका आहे असे म्हणत भाव पाडावयाचा आणि वळणावर गेल्यावर आपल्या सौद्याची बढाई मारावयाची, या वृत्तीवर नीतिसूत्रांच्या ग्रंथाने बोट ठेवले आहे. घरातल्या आजारपणासाठी जो गाडी विकावयास काढतो, त्याची निकड ओळखून पन्नास हजार पाडणे याला आपण व्यवहारचातुर्य म्हणतो. त्याला अधिक खरे नाव शोधावे लागेल.

नवी गाडी घेणे नेहमीच डौलाचे असते, असेही नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकांची वाहनेच विकली जातात. त्यांचा धूर जुन्या डिझेल गाड्यांपेक्षा कितीतरी कमी विषारी आहे, आणि तो धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात जात असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने नवे वाहन थोडे आवाक्यातही आले आहे. तेव्हा ज्याच्याकडे बारमाही माल आहे आणि वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यातही जो घरखर्च भागवून हप्ता भरू शकतो, त्याने निःशंक मनाने नवी घ्यावी. ज्याचा हप्ता चांगल्या महिन्यांच्या भरवशावर आहे, त्याने अंथरूण पाहून पाय पसरावे आणि जुनी घ्यावी. मात्र रंगाला न भुलता, ओळखीच्या माणसाकडून, मिस्त्रीला सोबत नेऊन, आणि दुरुस्तीसाठी पन्नास-साठ हजार बाजूला ठेवून. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याशी समोरासमोर बोलावे. तो दोष स्वतःहून सांगत असेल, तर त्याला दोन पैसे अधिक द्यावेत. ते गाडीपेक्षा त्याच्या शब्दाचे मोल आहे.

आणि आपल्यापैकी जे विकणारे आहेत, त्यांच्याकडे आमचे एवढेच मागणे आहे. गाडी दाखवण्यापूर्वी एका कागदावर तिचे दोष लिहून काढा: कोठे धडकली, काय बदलले, काय बदलावयाचे राहिले, काय वाहून नेले. तो कागद किल्लीबरोबर घेणाऱ्याच्या हाती द्या. भाव वीस-पंचवीस हजारांनी कमी येईल, हे आम्ही जाणतो. परंतु अशा दहा गाड्या एखाद्या गावात खऱ्या माहितीसह विकल्या गेल्या, तर त्या गावातल्या दहा तरुणांना पाच वर्षांच्या कर्जाचे जोखड मानेवर न घेता स्वतःच्या गाडीतून पहाटेचा बाजार गाठता येईल.