गाणें हा पुरावा आहे काय?

नव्यानें ओळख झालेल्या गृहस्थाला ‘आपण मूळचे कोठले?’ असें विचारणें हा आपल्याकडे सौजन्याचा भाग समजतात. विचारणाऱ्याच्या मनांत बहुधा वाईट कांहीं नसतें. परंतु तोच प्रश्न एखाद्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला, म्हणजे त्यांतलें सौजन्य झिजून जातें आणि चौकशी तेवढी उरते. यहुदी समाजाचें संगीत व वारसा यांवर हल्लीं जे अनुबोधपट निघतात, त्यांतले कांहीं पाहतांना हा विचार मनांत वारंवार आला.

नवी मुंबईंत राहणाऱ्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. शहराला लागूनच असलेल्या पनवेलांत १८४९ सालचें बेथ-एल हें बेने इस्राएलांचें प्रार्थनामंदिर आहे. तेथून पुढें अलिबागजवळ नवगांव लागतें. त्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांपासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. कोंकणांत त्यांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. किहीमचे ते केहिमकर, चौलचे ते चेऊलकर झाले. शुभकार्यांत पोहे, खोबरें आणि फळें यांचा मलिदा मांडून ते एलिया संदेष्ट्याचें स्मरण करतात. १८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर प्रभृतींनीं तर हरिदासी कीर्तनाचा घाट उचलून बायबलांतील कथांचीं आख्यानें मराठींत सादर करण्यास आरंभ केला.

आतां कॅमेरा घेऊन येणाऱ्याचा प्रश्न काय असतो? एका प्रकारचा चित्रकार हिब्रू प्रार्थना तेवढी अस्सल मानतो आणि मराठी पदास वरचा लेप समजून तो खरवडूं पाहतो. दुसरा मराठी पदच पुनःपुन्हा ऐकवितो आणि ‘पाहा, हे किती आपल्यासारखे!’ म्हणून समाधान पावतो. दोघेही गाण्याला साक्षीदार म्हणून उभें करतात. गाणारी वृद्धा मात्र साक्ष देण्यासाठीं गात नसते. तिच्या आईनें म्हटलें म्हणून ती म्हणते. तिच्या कंठांत दोन भाषांमध्यें कुंपण नसतें.

पुरावा मागण्याची ही वृत्ति निरुपद्रवी नव्हे. १९४८ नंतर या समाजांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तेथें १९६२ सालीं धर्मपीठानें त्यांच्या विवाहांच्या वेळीं पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. इतकीं शतकें शब्बाथ पाळलेल्या लोकांना आपण पुरते यहुदी आहों हें सिद्ध करण्याची पाळी आली. मोठीं निदर्शनें झालीं, तेव्हां १९६४ सालीं तो अपमान दूर झाला. कोंकणांत जी वेगळेपणाची खूण होती, ती तेथें अपुरी ठरली. आणि जें मराठीपण येथें सहज होतें, तें तेथें संशयास्पद ठरलें.

हें वाचून आपण संतोष मानूं, कीं आमच्या भूमींत यांचा छळ झाला नाहीं. गोष्ट खरी आहे. पण ती पुनःपुन्हा उच्चारतांना आपण त्यांच्याविषयीं बोलत असतों कीं स्वतःविषयीं? शेजाऱ्याला आपल्या चांगुलपणाचें प्रशस्तिपत्र करणें, हाही त्याचा उपयोगच करून घेणें होय. एक अनुबोधपट पाहून झाल्यावर माझ्या मुलीनें विचारलें, ‘मग हीं गाणीं त्यांचीं कीं आपलीं?’ मीं तत्काळ ‘आपलीं’ म्हणालों, आणि मागाहून ओशाळलों. देणाऱ्याला न विचारतां मीं उदारपणें घेऊन टाकलें होतें.

यावर कोणी म्हणेल, कीं मग चित्रणच करूं नये काय? तसें नाहीं. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज येथें आज पांच हजारांहूनही कमी उरला आहे. जाणकार गाणारे वृद्ध झाले आहेत. न टिपलेलें पद त्यांच्याबरोबर जाईल. टिपणें हें कर्तव्यच आहे. फरक आहे तो वृत्तीचा: पंच म्हणून बसावें, कीं शिष्य म्हणून? शिष्य पद अर्ध्यावर तोडीत नाहीं, गाणाऱ्याचें नांव गाळीत नाहीं, चुकलेली ओळ हंसण्यावारी नेत नाहीं, आणि टिपलेलें त्या घराला परत देण्यास विसरत नाहीं.

नांव गाळण्याची गोष्ट क्षुल्लक नाहीं. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील जॉनचाचा आपल्या वडीलधाऱ्या पिढीला घरच्यासारखे वाटत. पडद्यावर ते केवळ ‘डेव्हिड’ होते. डेव्हिड अब्राहम चेऊलकर या नांवांतलें चौल फारच थोड्यांना ठाऊक होतें. डॅनी बेन-मोशे यांच्या ‘शालोम बॉलीवुड’ या २०१७ सालच्या अनुबोधपटानें हिंदी चित्रसृष्टींतील अशा यहुदी कलावंतांची कथा सांगितली. असें काम घडतें तेव्हां कॅमेऱ्यानें मागें घेतलेलें कांहींसें परत केलें, असें म्हणतां येईल.

मनुष्याची ओळख हा निकाली काढावयाचा दावा नव्हे. शेजारधर्माचा पहिला नियम इतकाच, कीं शेजारच्या घरांतून गाणें ऐकूं आलें, तर तें कोणाचें हें ठरविण्यापूर्वीं तें शेवटपर्यंत ऐकावें. मुलीच्या प्रश्नाचें उत्तर मीं अद्याप बदलून दिलेलें नाहीं. पण पुढच्या खेपेस तिला पनवेलला घेऊन जाईन, आणि तो प्रश्न ज्यांचा आहे त्यांनाच, परवानगी घेऊन, विचारीन.