सोमवारची रजा

चि. सोनूस,


शनिवारी फडके रोडच्या दवाखान्यात तुझी खालची अक्कलदाढ काढायचं ठरलं, असं दादा म्हणाला. सोमवारी तू नेहमीची लोकल धरून फोर्टला जाणार, हेही त्यानेच सांगितलं. त्या सोमवारसाठी हे पत्र लिहिते आहे. फोनवर तू नुसतं 'हो आत्या' म्हणतेस.

दाढ काढतानाची भीती मनातून काढ. हिरडीत सुई टोचते तेवढंच दुखतं. सुईतल्या बधिर करणाऱ्या औषधात बहुधा ॲड्रिनलिन असतं, म्हणून मिनिटभर छाती धडधडते. मग ओठ आणि अर्धी जीभ जड होते. डॉक्टर दाढ हलवू लागले की दाब कळतो, जबड्यात करकर आवाज होतो. कळ आली तर हात वर कर, ते आणखी औषध देतात. उपाशी जाऊ नकोस, नीट जेवून जा. चालू असलेली प्रत्येक गोळी त्यांना सांग, ॲस्पिरिन असो की गर्भनिरोधक, लाजू नकोस. आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढायला सांगितला असेल. खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठाची नस जाते, ती किती जवळ आहे ते त्यात दिसतं.

आजी म्हणेल, दाढ काढली की डोळे जातात. तिच्याशी वाद घालू नकोस, पण मनावरही घेऊ नकोस. दिसण्याची नस वेगळी, दातांची वेगळी.

खरी काळजी घ्यायची ती घरी आल्यावर. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच त्या जखमेची खपली. ती निघाली तर आतलं हाड उघडं पडतं. माझी तशीच निघाली होती. तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो आणि मी ऑफिसजवळच्या दवाखान्यात दाढ काढून संध्याकाळच्या गर्दीत लोकलने घरी आले. दाराशी उभी, तोंडावर रुमाल, आणि लाळ साठली की प्रत्येक स्टेशनला थुंकत होते. घरी येऊन खळाखळा चूळही भरली. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत अशी कळ गेली की रात्रभर भिंतीला टेकून बसून काढली. ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगतेलाच्या वासाची पट्टी भरली, तेव्हा कुठे मी झोपले.

म्हणून सांगते, कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धर. सारखा काढून बघू नकोस. दिवसभर थुंकायचं नाही, लाळ गिळायची. चूळ नको, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ लाव, मधेमधे थांबून. बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नकोस, ओठ चावला तरी कळत नाही. मग गार दहीभात, मऊ खिचडी निववून. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, तेही पाणी तोंडात हलकेच फिरवून. लाळेत गुलाबी रंग दिसला तर घाबरायचं कारण नाही. पण बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, गिळता येईना किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर राहिला, तर लगेच डॉक्टरांना फोन कर. रात्री-अपरात्री कोणी मिळालं नाही तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, आणि ठाण्याला मी आहेच.

आता सोमवारचं. सूज सगळ्यात जास्त चढते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे तू डोंबिवलीच्या फलाटावर उभी असशील तेव्हा गाल सुजलेला असेल, तोंड दोन बोटंही उघडणार नाही, आणि माझी कळ सुरू झाली तोच तो दिवस. डोंबिवलीला गाडीत चढताना कोणाचं कोपर कुठे लागेल याचा नेम नसतो; टाके असलेल्या जबड्याला ते लागायला नको. डॉक्टरांना विचारून बघ, तेही सोमवारी घरीच राहायला सांगतील असं मला वाटतं.

सोमवारच्या रजेचा अर्ज आजच टाक, आणि टाकलास की मला कळव.

तुझी,
आत्या