निगेटिव्ह आणि सत्कार्यवाद

रंगीत निगेटिव्ह स्कॅन केली की पडद्यावर जे उमटते त्याला छायाचित्र म्हणता येत नाही. नारिंगी झाकेची, उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड दाखवणारी ती एक पट्टी असते. तिचे छायाचित्र करण्याचे काम व्ह्यूस्कॅन, सिल्व्हरफास्ट, लाइटरूमला जोडले जाणारे निगेटिव्ह लॅब प्रो किंवा डार्कटेबलमधले निगाडॉक्टर अशी सॉफ्टवेअर करतात. यांतल्या एखाद्याची नवी आवृत्ती आली की तीच फाइल कधीकधी वेगळे चित्र देते: सावल्या उघडतात, आभाळाचा हिरवटपणा जातो, चेहरा कमी तांबूस दिसतो. निगेटिव्ह तीच, स्कॅनही तोच, बदलले ते फक्त गणित. मग आधीचे चित्र खोटे होते का? की खरे चित्र निगेटिव्हमध्ये दडलेलेच नसते आणि प्रत्येक आवृत्ती ते नव्याने घडवते? कार्य उत्पन्न होण्याआधी कारणात असते की नसते, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. निगेटिव्ह हे त्या वादाचे फार नेमके उदाहरण आहे.

सांख्यांचा पक्ष सत्कार्यवादाचा. कार्य कारणात अव्यक्त रूपाने असतेच, निर्मिती म्हणजे केवळ त्याचे प्रकट होणे. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत यासाठी पाच हेतू दिले आहेत. जे नाहीच ते निर्माण करता येत नाही, हा पहिला. कशापासूनही काहीही होत नाही, विशिष्ट कार्यासाठी विशिष्ट उपादानच घ्यावे लागते, हा त्यांतला सर्वांत पटणारा. तेल हवे असेल तर तीळच घाण्यात घालावे लागतात, वाळू घालून चालत नाही.

फिल्मचा इतिहास या पक्षाला भक्कम साक्ष देतो. स्वीडनचा एस. ए. आंद्रे 1897 साली दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलून बर्फावर उतरले आणि तिघेही परत आले नाहीत. 1930 साली क्वितोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यांत कॅमेरा आणि न धुतलेली फिल्म होती. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी ती अतिशय जपून धुतली आणि 93 चित्रे हाती आली. बर्फावर आडवे झालेले बलून आणि त्याच्याजवळ उभी असलेली दोन माणसे आज जगाला दिसतात ती त्यामुळे. तेहतीस वर्षे हे चित्र कुठे होते? सिल्व्हर हॅलाइडच्या कणांवर जमलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चांदीच्या मोजक्या अणूंच्या पुंजक्यांत. धुणाऱ्याने माणसे तिथे आणून उभी केली नाहीत, ती उमटून राहिलेलीच होती. अव्यक्त आणि व्यक्त या सांख्यांच्या जोडीला याहून चांगला दृष्टान्त मिळणे अवघड आहे.

रंगीत निगेटिव्हपाशी मात्र गोष्ट एवढी सरळ राहत नाही. तिच्या थरांत सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन रंग तयार होतात. यांतले सायन आणि मॅजेंटा निर्मळ नसतात, शोषू नये तो प्रकाशही थोडा शोषतात. त्यावर कोडॅकने 1940च्या दशकात काढलेला उपाय म्हणजे हे रंग ज्या द्रव्यांपासून बनतात ती द्रव्येच रंगीत ठेवायची. रंग जिथे तयार होतो तिथे द्रव्य खर्ची पडते, उरलेले नारिंगी झाक देत राहते. म्हणजे ही झाक सगळीकडे सारखी पसरलेली काच नव्हे. ती चित्राच्या उलट क्रमाने कमीजास्त होते, आणि रंग नुसते उलटे केले की चित्र बरोबर येत नाही. शिवाय निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम कमी ठेवलेला असतो, तो भरून काढायला प्रिंटचा कागद तितकाच जास्त कॉन्ट्रास्टचा बनवलेला असतो. रंगीत निगेटिव्ह आरंभापासूनच जोडीतला एक अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा पूर्वी कागद होता, आता सॉफ्टवेअर आहे.

न्याय-वैशेषिकांचा आरंभवाद इथे बोलू लागतो. त्यांच्या मते कार्य उत्पन्न होण्यापूर्वी त्याचा अभावच असतो, ज्याला ते प्रागभाव म्हणतात. कारणांची सामग्री जमते तेव्हा खरोखर नवी वस्तू अस्तित्वात येते. निगाडॉक्टर 2020 साली डार्कटेबलमध्ये आले तेव्हा त्याने कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीची घनतामापनाची रीत आधाराला घेतली: प्रकाश न लागलेल्या कडेवरून फिल्मचा मूळ रंग घ्यायचा आणि तिथून पुढची घनता मोजायची. इतपत सगळे मोजमाप आहे. पण काळा कुठे सुरू होतो, पांढरा कुठे संपतो, तीन रंगांचा तोल कशाला धरून साधायचा, हे निगेटिव्ह सांगत नाही. ते कुणीतरी ठरवावे लागते, आणि नव्या आवृत्तीत बदलतात ते बहुतेक हेच निर्णय.

हे निर्णय किती खोल जातात ते हळदीच्या फोटोत दिसते. नवरी पिवळ्या साडीत, गालांना आणि हातांना हळद, मागे झेंडूच्या माळा. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी 1940च्या दशकात मांडलेले एक सूत्र असे, की सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी करडी येते. प्रिंट काढणारी यंत्रे त्यावर चालली, आणि आपोआप रंग जुळवणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरच्या तळाशीही याच जातीचे गृहीतक असते. हळदीच्या फ्रेमवर ते लावले की यंत्राला पिवळे जास्त झाल्यासारखे वाटते आणि ते निळे वाढवते. हळद विटते, शेजारी बसलेल्या वडिलांचा पांढरा सदरा निळसर होतो. त्याच रोलवरच्या पुढच्या फ्रेममध्ये चुन्याची भिंत आली की त्याच खोलीचे रंग ठीक दिसतात. काविळीने पांढरा शंख पिवळा दिसणे हे दर्शनशास्त्रांतले भ्रमाचे ठरलेले उदाहरण. इथला भ्रम उलट्या दिशेचा आहे: खरोखर पिवळे असलेले पिवळेपण दोष समजून काढून टाकले जाते. आवृत्ती सुधारून एका फ्रेमऐवजी पूर्ण रोल एकत्र तपासला गेला, तर हा भ्रम बराच कमी होतो. त्यामुळे सगळ्या आवृत्त्या सारख्याच खऱ्या, असे म्हणून सुटका नाही. निगेटिव्ह चित्र पूर्णपणे ठरवत नसली तरी काही चित्रे ती साफ नाकारते.

व्याकरणकार भर्तृहरीने वाक्यपदीयात केलेला भेद इथे अधिक उपयोगी पडतो. शब्दाचा स्फोट, म्हणजे त्याचे अर्थ सांगणारे अखंड रूप, एकच असतो आणि तो ध्वनीतून प्रकट होतो. त्यातही प्राकृत ध्वनी शब्दाची ओळख पटवतो आणि वैकृत ध्वनीमुळे उच्चार द्रुत, मध्यम किंवा विलंबित होतो. उच्चार संथ झाल्याने शब्द दुसरा होत नाही. प्रसिद्ध अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मूळचे पियानोवादक. त्यांनीही निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रिंटला वादनाची उपमा दिली होती. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाची 1941ची निगेटिव्ह त्यांनी अनेक दशके पुन्हा पुन्हा छापली. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात ढगांचे फिकट पट्टे आहेत, नंतरच्या प्रिंटमध्ये ते आभाळ जवळजवळ काळे आहे. चित्र तेच आहे हे कुणीही मान्य करील. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी 1930च्या दशकात म्हटले होते, की एका निगेटिव्हच्या अनेक प्रिंटांपैकी अस्सल कोणती, हा प्रश्नच निरर्थक आहे. प्रतींपुरते ते बरोबर आहे. पण आवृत्त्या म्हणजे प्रती नव्हेत, ती वाचने आहेत, आणि वाचन बरोबर की चूक हे विचारता येते.

म्हणूनच आधीचे वाचन पुसून न टाकणे महत्त्वाचे ठरते. डार्कटेबल आणि लाइटरूम या दोन्हींत जुन्या पद्धतीचे गणित जपून ठेवण्याची व्यवस्था आहे. आधी संस्करण केलेली फाइल नव्या आवृत्तीत उघडली तरी ती जुन्या गणिताने दिसू शकते, नवे लावायचे की नाही ते वापरणारा ठरवतो. यात सत्याविषयीची एक जबाबदार भूमिका आहे. संग्रहासाठी निगेटिव्ह जपणाऱ्याने कडेसकट कच्चा स्कॅन ठेवावा आणि चित्र कोणत्या आवृत्तीने काढले त्याची नोंद करावी, हे त्याच भूमिकेतून येते.

ओरखडा आणि काळ या दोन ठिकाणी सांख्यांची बाजू फारच लंगडी पडते. रंगीत फिल्मचे रंग अवरक्त किरणांना बहुतांशी आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे मात्र ते किरण अडवतात. त्यामुळे स्कॅनरला दोष कुठे आहे ते कळते. पण ओरखड्याने थरच खरवडून गेला असेल तर तिथे अव्यक्त असे काही उरलेले नसते. सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंवरून तिथले चित्र रचते, आणि हा निखळ आरंभ आहे. काळाचेही तसेच. चांदीची कृष्णधवल निगेटिव्ह टिकाऊ असते, रंगीत निगेटिव्हचे रंग अंधारातही हळूहळू उडतात आणि तिन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत. उडालेला रंग परत आणणारे गणित जे शिल्लक आहे त्यावरून जे गेले त्याचा अंदाज बांधते. हे अनुमान आहे, त्याला अनुमानाच्याच कसोट्या लावाव्या लागतात: हेतू कोणता, व्याप्ती कुठवर. कडेवरच्या मूळ रंगाचे माप असेल तर अनुमानाला काहीतरी आधार राहतो. कड कापून स्कॅन केलेल्या, रंग उडालेल्या निगेटिव्हला तोही नसतो, आणि तिच्यातून निघालेल्या चित्राचे आकार निगेटिव्हचे असले तरी रंग बव्हंशी सॉफ्टवेअरचे असतात.