धुतलेलं इंजिन

दसऱ्याला आमच्या गावात झाडून सगळ्या गाड्या धुतल्या जातात. मोटरसायकली, ट्रॅक्टर, दोन-चार जणांच्या चारचाकी. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. पण बॉनेट कुणी उघडत नाही. पूजा होते ती पत्र्याची. इंजिन आपलं आत तसंच, वर्षभराचं ऑइल, भुसा आणि काळी धूळ अंगावर घेऊन.

मी इंजिनही धुतो, म्हणून लोक हसतात. शेजारचा पोरगा एकदा म्हणाला, “आबा, इंजिन काय नवरदेव हाये का, उटणं लावू रायले त्याले?”

मला ही सवय ट्रॅक्टरनं लावली. सोयाबीनच्या काढणीत ट्रॅक्टर दिवसभर थ्रेशरला जोडलेला. भुसा उडतो आणि रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतो. हवा अडली की काटा लाल रेघेकडे सरकतो. मिस्त्रीनं दाखवलं की जाळीला हवा मारायची ती इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला. समोरून मारली तर भुसा आणखी आत रुततो. तेव्हापासून बॉनेट उघडलं की नुसतं ऑइल बघून मला बंद करवत नाही.

पाणी लय लागत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया टँकरच्या मागं धावतात, तिथं गाडीवर पाइप सोडून बसणं बरंही दिसत नाही. अर्धी बादली पुरते. इंजिन आधी पुरतं थंड होऊ द्यायचं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी म्हणजे तडा जायचं भ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. डायनामो, फ्यूजचा डबा आणि एअर फिल्टरचं तोंड यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. मग कोरड्या ब्रशनं धूळ, पाला आणि हमखास निघणारं उंदराचं घरटं काढायचं. (उंदीर वायरी कुरतडतात. कुणी तंबाखूची पानं ठेवतं, कुणी डांबरगोळ्या. आमचे उंदीर दोन्हीला बधत नाहीत.) काळा थर बसलाय तिथं रंगाच्या ब्रशनं थोडं डिझेल लावायचं, पण रबराच्या पाइपांना आणि बेल्टला ते लागू द्यायचं नाही, रबर फुगतं. सुटलेला मळ चिंधीनं पुसायचा, मग साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुकटी धरते, तिला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशानं घासायचं आणि कोरडं झाल्यावर व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. खाली पोतं अंथरतो, कारण ते काळं पाणी विहिरीकडं गेलं तर धुण्याचा काय उपयोग?

पण खरं काम फडकं बाजूला ठेवल्यावर सुरू होतं. ऑइल जिथून गळतं तिथंच दिसतं असं नाही. ते वरून खाली ओघळतं, पंख्याची हवा त्याला मागं लोटते, त्यावर धूळ बसते, आणि शेवटी सगळंच काळं होतं. त्या काळ्यात मिस्त्रीलाही काही उमगत नाही. इंजिन धुवायचं, आठ-दहा दिवस गाडी नेहमीसारखी चालवायची आणि मग बॅटरी घेऊन बघायचं. स्वच्छ लोखंडावर ओलसर रेघ उमटलेली असते. ती धरून वर वर गेलं की सगळ्यात वरचा ओला ठिपका, तो रोग.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी करतात ना, तीही मला तशीच वाटते. लोणी-हळद लावून खांदा चोळताना वर्षभर जू घासलेली जागा बोटाला लागते. सूज कुठं आहे, कातडं कुठं सोललंय, बैल कुठं अंग चोरतो, सारं कळतं. माझे वडील त्या दिवशी खांदा दुसऱ्या कुणाला चोळू देत नसत. दुसऱ्या दिवशीच्या झुली, बेगड, घुंगरं यांत ते फारसे नसायचे.

बैल तसा बाजारातही धुतला जातो. तिथं शिंगं साळतात आणि वार्निश लावतात. शिंगावरच्या वळ्यांवरून जाणता माणूस वयाचा अंदाज करतो. साळल्यावर वळ्या जातात. मीठ चारून पाणी पाजलं की पोट भरदार दिसतं. म्हणून जुने लोक शिंगाकडे बघतच नसत, सरळ जबडा उघडून दात मोजत. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचा, पण दात मात्र उजेडात बघायचे.

हे सगळं डोक्यात फिरू लागलं ते आमची जुनी डिझेल गाडी विकायची ठरली तेव्हा. तालुक्याच्या गावी जुन्या गाड्यांचा एक धंदेवाला आहे. तो मुलाला म्हणाला, “२ हजार द्या, इंजिन असं चमकवून देतो की शोरूममधून आताच निघालं वाटंन. २० हजार जास्त येतीन.” म्हणजे जोरानं पाणी मारायचं, वरून चमक आणणारा फवारा मारायचा आणि त्याच सकाळी गिऱ्हाईक बोलवायचं.

आमच्या गाडीचं मागचं ऑइल सील गळत होतं. ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. वस्तू स्वस्त, मजुरी महाग. ऑइल कमी होतं ते एक, पण ते क्लचप्लेटवर गेलं तर क्लच घसरतो. सपाटीवर चालून जातं. चढावर भरली गाडी असताना इंजिन नुसतं ओरडतं, चाकाला जोर पोचत नाही. आमच्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली अशी दोन जगं आहेत, मधे राजूरचा घाट, बोथ्याचा घाट. बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, तिथं अस्वलं आहेत. २०१९ साली टिपेश्वरहून चालत निघालेला वाघही तिथंच येऊन राहिला होता. तिथं संध्याकाळी लेकरंबाळं घेऊन अडकणं म्हणजे काय, हे ज्याला अडकायचं त्यालाच कळतं.

मुलगा म्हणाला, “तुम्ही सोयाबीन चाळून नेता ना बाजारात? खडे-माती काढता ना? मंग इंजिनानंच काय पाप केलं?”

वाद लबाडीचा नव्हता, म्हणून मी दोन दिवस बोललो नाही. सोयाबीन आम्ही चाळतोच. पण चाळलेल्या ढिगात अडत्या हात घालतो तेव्हा त्याला दाणा आधीपेक्षा नीट दिसतो. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडणारेही आहेत. तिथं घेणाऱ्याला कमी दिसतं. मला एवढंच मोजमाप सापडलं. विकायच्या सकाळी धुतलेल्या इंजिनात गिऱ्हाईकाला कमी दिसतं. तेच इंजिन दहा दिवस आधी धुऊन रोज चालवलं, तर त्याला मळक्या इंजिनापेक्षाही जास्त दिसतं. डिझेल तेच, ब्रश तोच, हात तेच.

नातीनं यात भर घातली. ती अर्थशास्त्र शिकते. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर लेख लिहिला आणि २००१ साली त्याला नोबेल मिळालं, असं ती म्हणाली. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीवाला विकत नाही, वाईटवाला आनंदानं विकतो, आणि बाजारात वाईटच उरतात. मला हे पटलं. आमच्याकडे आता स्वच्छ इंजिन दिसलं की गिऱ्हाईक दचकतं, काहीतरी लपवलंय म्हणतं. वर्षानुवर्षं गाडी निगुतीनं ठेवणाऱ्याला चमकवणाऱ्याची शिक्षा भोगावी लागते.

मुलाचं दुसरं म्हणणं जास्त जड होतं. “आपल्याले गाडी इकली तेव्हा कोनी सांगतलं होतं का? अन् आपल्याकून नेनारा धुऊनच इकंन पुढच्याले.” यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त त्यातून आपण सांगू नये असं निघतं का, ते मला लागत नव्हतं, अजूनही लागत नाही.

इंजिन मी दहा दिवस आधी धुतलं. गिऱ्हाईक नांदुऱ्याकडचं आलं, नवरा-बायको. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला दवाखान्यात न्यावं लागायचं, म्हणजे राजूरचा घाट. त्यानं बॉनेट उघडलं, स्वच्छ इंजिन बघून अपेक्षेप्रमाणे दचकला. मी त्याला खाली वाकवून ओली रेघ दाखवली, काय बदलावं लागेल ते सांगितलं. त्यानं फोनवर आपल्या मिस्त्रीला विचारलं आणि १८ हजार कमी करून घेतले. बायकोनं जाताना मला नमस्कार केला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

संध्याकाळी मुलगा ओसरीवर पैसे मोजत होता. ते नातीच्या होस्टेलला जायचे होते. मोजून झाल्यावर म्हणाला, “तुमचं खरं हाये बाबा. पन पैसे माह्ये गेले.”

गाडी माझ्या नावावर होती. तिचे ४८ हप्ते त्यानं भरले होते.