घड्याळाची केस आणि जावयाचा मान



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १८ ते २१.

सतराव्या अध्यायात भगवंत एकेक गोष्ट हातात घेतात आणि तिचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार उलगडून दाखवतात. आहार झाला, यज्ञ झाला, आता तप आणि दान. अठराव्या श्लोकाचा भाव असा की लोकांनी मान द्यावा, सत्कार करावा म्हणून दंभाने केलेलं तप राजस असतं, आणि ते टिकत नाही. विसाव्यात सात्त्विक दान येतं: द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची आशा नसलेलं, स्थळ, वेळ आणि माणूस बघून दिलेलं. एकविसाव्यात राजस दान: परत काही मिळेल म्हणून दिलेलं, किंवा देताना मनाला पीळ पडत असताना दिलेलं.

हे वाचलं की आपल्यासारख्यांना पहिला प्रश्न पडतो तो दिसण्याचा. चांगलं दिसावं असं वाटणं म्हणजेच दंभ का? ऑफिसला जाताना बरा शर्ट निवडणारे, फोनचं कव्हर घ्यायला अर्धा तास लावणारे आपण सगळे दांभिक ठरलो का? याचं उत्तर शोधायला आज जरा वेगळं उदाहरण घेतो. मनगटी घड्याळाची केस.

केस म्हणजे ज्यात मशीन बसतं तो धातूचा डबा. वर काच, मागे झाकण, बाजूला चावी. तिचं काम एकच, आतल्या मशीनला पाणी, धूळ, घाम आणि धक्का यांपासून जपणं. पण मनगटावर लोकांना दिसते तीही केसच. त्यामुळे दिसणं आणि उपयोग यांची ओढाताण इथे रोजची. पातळ केली तर शर्टाच्या बाहीखाली सुंदर बसते, पण जाड काच आणि भक्कम झाकण यांना जागा उरत नाही. आरशासारखी चकचकीत केली तर पहिल्याच आठवड्यात ओरखडे दिसतात. ब्रश केलेल्या पृष्ठभागावर ते लपतात. सोन्याची केली तर उठून दिसते, पण सोनं स्टीलपेक्षा मऊ. चावी मोठी ठेवली तर फिरवायला सोपी, पण मनगट वाकवलं की टोचते. सगळं एकदम मिळत नाही. काय सोडायचं हे कुणीतरी ठरवावंच लागतं.

चांगले डिझायनर हे कसं ठरवतात ते बघा. १९३१ साली जेगर-लेकुल्त्र कंपनीचं रिव्हर्सो आलं. त्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटायच्या. उपाय म्हणून अशी केस केली की ती सरकवून उलटी करता येते. काच आत जाते, धातूची पाठ बाहेर येते. संरक्षणासाठी केलेली ती कोरी पाठ पुढे लोकांना नावं आणि चित्रं कोरायला आवडू लागली. म्हणजे आधी गरज आली, आणि सौंदर्य तिच्या मागून आलं.

१९७२ साली ऑडेमार्स पिगेने जेराल्ड जेंटाच्या डिझाइनचं रॉयल ओक आणलं. केस साध्या स्टीलची, ३९ मिलिमीटरची, आणि किंमत ३,३०० स्विस फ्रँक, म्हणजे कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त. काचेभोवतीची कडी, म्हणजे बेझल, अष्टकोनी आणि तिच्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून ही कल्पना सुचली. ते स्क्रू शोभेचे नाहीत. बेझल, रबरी गॅस्केट, केस आणि मागचं झाकण ते खरोखर आवळून धरतात. पण गंमत अशी की त्यांच्या डोक्यावरच्या खाचा मात्र शोभेच्या आहेत. षटकोनी डोकं खाचेत घट्ट बसलेलं असतं, ते फिरत नाही. आवळायचं काम मागच्या बाजूने होतं. म्हणून आठही खाचा एका सुरेख वर्तुळात जुळवून ठेवता येतात. काम खरं आणि त्यावरचा साज थोडा हौसेचा. यात मला दंभ दिसत नाही. जो भार उचलतो तोच सजला आहे.

आता याच्या उलट प्रवास. रोलेक्सने १९२६ साली ऑयस्टर ही पाणी आत न जाणारी केस आणली. तिच्या बेझलच्या कडेला बारीक खाचा होत्या, कारण हत्याराने पकडून ती कडी केसवर पिळून घट्ट बसवायची होती. पुढे बांधणी बदलली, त्या खाचांची गरज संपली. पण आजही त्या सोन्यात कोरलेल्या असतात, आणि लोक त्यांच्यासाठीच जास्त पैसे मोजतात. काम गेलं, खूण उरली. आपल्या किती चालीरीतींचं असंच झालं आहे, हे तुम्हीच आठवून बघा.

आपल्या टायटनचं एज घ्या, २००२ सालचं. मशीनची जाडी १.१५ मिलिमीटर आणि अख्खं घड्याळ ३.५ मिलिमीटर. हातावर आहे की नाही हेही कळू नये इतकं पातळ. आणि तरी ३० मीटरपर्यंत पाणीरोधक. (३० मीटर लिहिलेलं असलं तरी अर्थ एवढाच की हात धुताना किंवा पावसात शिंतोडे उडाले तर चालेल, पोहायला नेऊ नका.) तो पातळपणा फुकट मिळाला नाही. सगळं वजन अभियंत्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं, तेव्हा घालणाऱ्याच्या हातावरचं वजन गेलं.

इथे मला आजच्या श्लोकांची किल्ली सापडते. प्रत्येक दिसण्याला किंमत असते. प्रश्न असा की ती कोण मोजतं? चांगल्या केसमध्ये ती किंमत बनवणाऱ्याने आणि घालणाऱ्याने समजून-उमजून मोजलेली असते. वाईट केसमध्ये ती भलत्याच्या माथी मारलेली असते: चमक दुकानात दिसते, त्रास आतल्या मशीनला होतो.

दिसणं वाईट असतं तर आपण पांडुरंगाला पोशाख आणि अलंकार घातलेच नसते. पण पंढरपूरला आणखी एक गोष्ट होते. लाखो भक्त पायांवर डोकं ठेवतात, त्या स्पर्शाने मूर्तीची झीज होते, म्हणून वेळोवेळी वज्रलेप केला जातो. अलंकार सगळ्यांना दिसतात, वज्रलेप कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि तो कशासाठी? पदस्पर्श चालू राहावा म्हणून. घड्याळातही असंच आहे. झाकणाखालची रबरी गॅस्केट कधी कुणाला दिसत नाही, जाहिरातीत येत नाही. घामाने, उन्हाने ती कडक होते, भेगाळते. आपल्या यवतमाळच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, तिचं काय होत असेल विचार करा. ती गेली की लाखाच्या घड्याळात पाणी शिरतं. घड्याळजी सर्व्हिसिंगच्या वेळी ती बदलून देतो, किंमत अगदी किरकोळ.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींच्या कमरेलाही घड्याळ लटकलेलं असायचं. झेनिथ कंपनीचं, चांगलं स्विस घड्याळ. मोजक्या वस्तूंत जगणाऱ्या माणसाने ते ठेवलं, कारण मिनिटामिनिटाचा हिशेब ते देत होते. तेव्हा चांगली वस्तू असणं आणि साधेपणा यांचं वैर नाही.

आता खरा पेच. माझ्या आतेभावाचं लग्न ठरलंय. तो पुण्यात नोकरीला, मुलगी दारव्हा तालुक्यातली, घरी कापसाची कोरडवाहू शेती. मला घड्याळांचं वेड आहे हे घरात सगळ्यांना माहीत, म्हणून त्याने विचारलं, "भाऊ, मामाजी म्हणते घड्याळ आमच्याकडून. एक स्विस बघून ठेवलंय, दीड लाखाचं. केस चांगली आहे ना त्याची?"

केस चांगलीच होती. सफायरची काच, धुळीतल्या वाळूनेही ओरखडा न पडणारी, स्क्रूचं झाकण, कडा ब्रश केलेल्या. पण तेवढंच सांगून थांबणं मला जमलं नाही.

जावयाला घड्याळ ही आपल्याकडची जुनी रीत. सायकल, रेडिओ, अंगठी, घड्याळ. एचएमटीने बंगळूरला १९६१ साली घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या 'कांचन'ला लग्नात जावयाला द्यायची म्हणून मोठी मागणी असे. त्याच १९६१ साली हुंडा प्रतिबंधक कायदाही आला. त्या कायद्यात न मागता, रिवाजाप्रमाणे दिलेल्या भेटींना जागा आहे. पण त्यांची यादी करावी लागते, आणि मुलीकडून येणारी भेट देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने जास्त नसावी असंही तो सांगतो. गीतेने स्थळ, वेळ आणि माणूस बघायला सांगितलं, तसंच काहीसं इथेही आहे.

भाऊ म्हणाला, "मी मागितलं नाही. ते आनंदाने देतात. नाही म्हटलं तर त्यांचा अपमान होईल." हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. देणाऱ्याचा आनंद हिरावून घेणं हाही एक प्रकारचा अहंकार असू शकतो. पण इथेच एकविसावा श्लोक अडवतो. दान आनंदाने दिलं की मनाला पीळ पडत असताना दिलं, हे फक्त देणाऱ्यालाच माहीत. आणि मुलीचा बाप ते कधीही बोलून दाखवणार नाही. त्याच्या मनावरचं झाकण बंद असतं, घड्याळाच्या पाठीसारखं. घेणाऱ्याला आत डोकावता येत नाही, म्हणून घेणाऱ्याने हिशेब करावा.

हिशेब असा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. दीड लाख म्हणजे २० क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरी पाच क्विंटल धरला तर चार एकरांचं अख्खं पीक. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी अजून वजा केलेलीच नाही. म्हणजे त्या चकचकीत केसमध्ये एक पावसाळा बंद होतो. आणि ते मनगटावर बघून पुण्यातले मित्र मान देतील तो कोणाला? किंमत एकाची, मान दुसऱ्याचा. अठरावा श्लोक आणि एकविसावा श्लोक इथे एकाच मनगटावर येतात.

मी त्याला एवढंच म्हटलं: घड्याळ आवडलं असेल तर तुझ्या पगारातून घे, मी सोबत येतो दुकानात. आणि मामाजींना सांग की मला तुमच्याकडून घड्याळच हवंय, पण माझ्या पसंतीचं, तीन हजारांच्या आतलं. देण्याचा त्यांचा मान राहील आणि शेतावर भार येणार नाही. तो गप्प होता. "आई काय म्हणेल?" एवढंच विचारलं त्याने. आत्याशी बोलायचं माझ्याकडे आलंय. सोपं जाणार नाही, कारण मांडवात पाहुणे जावयाचा हात बघणार हे तिलाही माहीत आहे.

तुमच्यापैकी अनेकांची लग्नं व्हायची आहेत. कुणाकडे घड्याळ येईल, कुणाकडे गाडी, कुणाकडे फ्लॅटचा हप्ता. "आम्ही काही मागितलं नाही" हे वाक्य तुमच्याही घरात बोललं जाईल. ते खरंही असेल. तरी घेण्याआधी समोरच्याचं पीक, पगार, कर्ज आपल्या डोक्याने एकदा मोजा. देणाऱ्याच्या मनातलं ओझं ओळखण्याचं काम घेणाऱ्याचं आहे, त्याने ते स्वतः बोलून दाखवेपर्यंत थांबायचं नाही.

आजचा अभ्यास : आपल्या अंगावरची किंवा घरातली एक वस्तू निवडा, जी लोकांनी बघावी असं तुम्हाला मनातून वाटतं. तिची किंमत नेमकी कोणी मोजली, पैशाने, कष्टाने की झोपेने, हे वहीत एका ओळीत लिहा. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव आलं, तर आज संध्याकाळी त्याला फोन करा.

राम कृष्ण हरी.